हाताला ग्रीस लागू दे

मनू,

काकूचा फोन आला होता. म्हणाली, "पोरीला दहावीनंतर विमानाचं काहीतरी करायचंय म्हणे. तूच समजाव आता." समजाव म्हणजे तिच्या डोक्यातून काढ, हे मला न कळायला मी काही कालची नाही. पण मी ते करणार नाहीये. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या इन्स्टिट्यूटच्या जाहिराती मात्र मी नीट वाचल्या. प्रत्येकीवर निळंभोर आकाश, टाय लावलेली मुलं आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. हँगरमध्ये काम करणारी बाई म्हणून सांगते, आमच्यात टाय कुणी घालत नाही. यंत्रात अडकेल असं काही अंगावर नको, म्हणून कामाला हात लावण्याआधी आम्ही अंगठीसुद्धा काढून ठेवतो.

आता जरा निवांत बस आणि ऐक.

‘विमानाचं काहीतरी’ म्हणजे नक्की काय, ते आधी ठरव. चालवायचंय, दुरुस्त ठेवायचंय, बनवायचंय की त्याची आखणी करायचीय? चारही रस्ते वेगळे आहेत. वैमानिक व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण हवं, आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे जातो. काकांना एकदम हा आकडा सांगू नकोस, त्यांना घाम फुटेल. तुझ्याशी बोलताना मला वाटलं, तुला उडण्यापेक्षा ते उडतं कसं याचं कुतूहल जास्त आहे. मागे मामाच्या बोटीचं इंजिन उत्तनला उघडलं होतं, तेव्हा सगळी पोरं मासळीकडे पळाली आणि तू मेकॅनिकच्या शेजारी बसून त्याला पाने देत होतीस. मला ते चांगलं लक्षात आहे. म्हणून आज उरलेल्या तीन रस्त्यांबद्दलच बोलते.

हल्ली सगळीकडे ‘हँड्स-ऑन’, ‘प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ असं छापलेलं असतं. छापायला काय जातंय! माझ्या एका मैत्रिणीने एका संस्थेत भरपूर फी भरली. तिथे वर्कशॉपमध्ये एक इंजिन होतं, काचेच्या कठड्याआड. मुलांनी त्याच्याभोवती उभं राहून फोटो काढले, सरांनी पट्टीने भाग दाखवले आणि प्रॅक्टिकल संपलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत टॉर्क रेंच हातात देऊन ‘लाव बघू’ म्हटल्यावर बिचारी गोंधळली. नट नुसता घट्ट आवळायचा नसतो, पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळायचा असतो, हे तिला पाठ होतं. हाताला ते ठाऊक नव्हतं.

म्हणून कुठलीही संस्था, शिबिर, कार्यशाळा समोर आली की तीन गोष्टी विचारायच्या. माझ्या स्वतःच्या हातात काय येणार, आणि एका यंत्रामागे किती मुलं असतील? काही बिघडलं तर ते शोधायचं काम माझं असेल की सर येऊन नीट करून देतील? आणि मी केलेलं काम कोण तपासणार, कुठे लिहिलं जाणार? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण आमच्या धंद्यात सगळं त्याच्यावर चालतं. विमानावर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद होते आणि त्याखाली सही असते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. शिफ्ट संपताना एखादी जागा रिकामी दिसली, तर तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. मग रात्रीचे दोन वाजोत की तीन.

हे लिहिण्याचं आणि तपासण्याचं शिक्षण विद्यार्थ्यांना खरोखर कसं मिळतं, याची आपल्या महाराष्ट्रातली दोन उदाहरणं तुला माहीत हवीत. दोन्ही २०१६ सालची.

पहिलं पुण्याच्या सीओईपीचं, म्हणजे १८५४ पासून चालत आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं. तिथल्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बनवला. केवढा? दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन जेमतेम एक किलो. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने वीस उपग्रह एकदम वर नेले, त्यात हा एक होता. संदेश इकडून घेऊन तिकडे पोचवणं एवढंच त्याचं काम. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. उपग्रह वर गेला की गडगडत राहतो, त्याची अँटेना हवी तिकडे वळवावी लागते. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं असतात, छोटे जेट असतात. या मुलांकडे ना तेवढी जागा, ना तेवढी वीज. त्यांनी आत कायमचे चुंबक बसवले, म्हणजे उपग्रह आपोआप पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहील. होकायंत्राच्या सुईचंच तत्त्व. वीज लागत नाही, बिघडायला काही नाही. जागा आणि वीज दोन्ही मोजकी असली की डोकं असं चालतं.

दुसरं पवईच्या आयआयटीचं. ‘प्रथम’ नावाचा, साधारण दहा किलोचा उपग्रह, २६ सप्टेंबर २०१६ ला पीएसएलव्ही-सी३५ ने गेला. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनावरणात, इलेक्ट्रॉन किती आहेत ते मोजायचं होतं. कल्पना २००७ ची, उड्डाण २०१६ चं. मधल्या वर्षांचा हिशेब कर. ज्यांनी सुरुवात केली ती मुलं पदवी घेऊन कधीच बाहेर पडली होती. ‘स्वयम्’चंही तसंच, तिथेही काम कित्येक वर्षं चाललं आणि दरवर्षी नवी मुलं येत गेली. मग काम तुटलं कसं नाही? कारण आधीच्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. कुठलं सर्किट का बदललं, कुठली चाचणी का फसली, कुठला स्क्रू कुठल्या मापाचा. इस्रोच्या तपासणीला बसायचं तर ‘आम्हाला वाटतं चालेल’ म्हणून भागत नाही, कागद दाखवावा लागतो. थरथराट सहन होतो का, निर्वातात तापून आणि गारठून टिकतो का, हे सगळं करून दाखवावं लागतं. त्या मुलांपैकी बहुतेकांनी आपला उपग्रह उडताना विद्यार्थी म्हणून पाहिलाच नाही. पण दुसऱ्याला पुढे नेता येईल असं काम कसं करायचं, ते मात्र ती शिकून गेली, आणि नोकरीत रोज तेच लागतं.

तुला वाटेल, ताई आयआयटीच्या गोष्टी सांगतेय, आम्ही तारोडीत बसून काय करू? सांगते.

या सुट्टीत एक ग्लायडर बनव. स्टेशनरीच्या दुकानात फोम बोर्ड मिळतो, तो आण. पंख साठ सेंटिमीटर लांब, बारा सेंटिमीटर रुंद. पातळ लाकडी पट्टीची काठी, मागे आडवी आणि उभी शेपटी. आता महत्त्वाचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून तीन ते चार सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागावर, पेनने दोन्ही बाजूंना ठिपका दे. त्या ठिपक्यांखाली दोन बोटं धरून ग्लायडर तोल. बहुतेक वेळा शेपूट खाली जाईल. मग नाकाशी थोडी प्लॅस्टिसिन चिकटव आणि बोटांवर आडवं राहीपर्यंत वाढवत जा. मग डोंगरीच्या मैदानात जा. संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो, त्याला तोंड करून, जोर न लावता, समोर सरळ ढकलल्यासारखं सोड.

पहिल्यांदा बहुधा नीट उडणार नाही. नाक वर करून थबकलं आणि धपकन खाली आलं, तर नाकाला वजन कमी पडतंय. सोडल्याबरोबर जमिनीकडे निघालं, तर वजन जास्त झालंय. एकाच बाजूला वळत असेल तर पंख पिळलेला आहे का ते पुढून डोळा लावून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी वहीत लिहायचं: काय बदललं, कुठे पडलं, पावलांनी किती अंतर. एकदम तीन गोष्टी बदलल्यास आणि छान उडालं, तर कशाने उडालं ते तुला कधीच कळणार नाही. ही वही फेकू नकोस. पुढे कुठल्याही मुलाखतीत ‘आवड आहे’ असं सांगण्यापेक्षा ती समोर ठेवलेली बरी.

आता शाळेच्या वयातल्या संधी. इस्रोचा ‘युविका’, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ ला सुरू झाला. नववीत शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकायला मिळतं, खर्च इस्रो करते. तुझी नववी संपली, त्यामुळे तो गेला. पण घरातला धाकटा पिंट्या आठवीत आहे, त्याच्याकडे लक्ष दे. निवड आठवीच्या गुणांवर होते, शिवाय ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी यांनाही गुण असतात. एक मेख मात्र आहे. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेतल्या मुलांना वेगळे गुण मिळतात. आपली तारोडी दिसायला गाव, शेतं आहेत, विहिरी आहेत, बस चुकली की पुढच्या बसची वाट बघत बसावं लागतं. पण कागदावर आपण २००२ पासून मिरा-भाईंदर महानगरपालिकेत आहोत. म्हणजे ते गुण पिंट्याला मिळणार नाहीत. त्याला ते प्रदर्शनातून आणि प्रश्नमंजूषेतून भरून काढावे लागतील. आत्तापासून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नाव घालायला सांग त्याला.

तुझ्यासाठी एनसीसी आहे. कॉलेज निवडताना एअर विंग कुठे आहे ते विचार. तिथे एअरोमॉडेलिंग शिकवतात, छोटी विमानं बनवून उडवायची स्पर्धा असते. पुढे डिग्रीला गेलीस तर एसएई इंडियाची एअरो डिझाइन स्पर्धा आहे. तिथे ठरलेल्या नियमांत बसणारं, वजन उचलणारं विमान बनवून न्यायचं असतं. शीतपेयाच्या डब्याएवढा उपग्रह बनवायची ‘कॅनसॅट’ स्पर्धाही इन-स्पेस ही सरकारी संस्था घेते. इंजिनिअरिंग कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेरचे चषक बघू नकोस. मुलांची वर्कशॉपची खोली कुठे आहे ते विचार आणि संध्याकाळी सातला तिथे जाऊन बघ. दिवा चालू असेल, जमिनीवर लाकडाचा भुसा असेल, कुणीतरी सोल्डरिंग करत असेल, तर कॉलेज बरं आहे.

काही उपक्रम उत्साह वाढवायला छान असतात, पण त्यांची पायरी ओळखून जावं. ७ फेब्रुवारी २०२१ ला रामेश्वरमहून शंभर छोटे ‘फेम्टो’ उपग्रह फुग्याने वर सोडले गेले. देशभरातल्या हजार मुलांनी ते जोडले होते, महाराष्ट्रातलीही मुलं त्यात होती. मुलांनी सेन्सर हाताळले, सर्किट जोडलं, हे चांगलंच. पण फुगा साधारण ३५ ते ३८ किलोमीटरपर्यंत जातो आणि अवकाशाची हद्द १०० किलोमीटरवर मानतात. फुग्याच्या उंचीवर कुणी कक्षेत फिरत नाही. अशा कार्यक्रमाला जायचं तर शिकायला जा. प्रमाणपत्र भिंतीवर लावून ‘मी उपग्रह सोडला’ म्हणत फिरू नकोस. जाणकार माणूस पहिला प्रश्न ‘कक्षा कुठली?’ असाच विचारतो.

आता दहावीनंतरचं. इथे आपल्या घरात सगळ्यांचा गैरसमज आहे, म्हणून सविस्तर सांगते. आयटीआय म्हटलं की काकू नाक मुरडते. तिला सांग, रॉकेट फक्त शास्त्रज्ञ बनवत नाहीत. इस्रोचं ‘विकास’ इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनत आलंय. मोठ्या रॉकेटच्या बूस्टरची पोलादी आवरणं पवईच्या एल अँड टीने आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने बनवली आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा शाळेत तुम्ही टाळ्या वाजवल्यात ना? त्या टाळ्यांत आपल्या इथल्या वेल्डरचा आणि मशिनिस्टचा वाटा होता. त्या कारखान्यांतला वेल्ड एक्स-रेखाली बघतात. केसाएवढी भेग दिसली तरी काम परत. तो हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि असा हात असलेला माणूस कुणी सहजासहजी सोडत नाही.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक असे ट्रेड केलेल्या मुलामुलींना इस्रो टेक्निशियन म्हणून घेते, डिप्लोमावाल्यांना टेक्निकल असिस्टंट म्हणून. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ साठी तो उभा राहिला, पुढे तिथे सुखोई बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तिथे आयटीआयच्या मुलांना अप्रेंटिसशिप मिळते. नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये तर दसॉ कंपनीच्या सहकार्याने विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा खास अभ्यासक्रम आहे. तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्यात रिव्हेट मारायला शिकवतात. रिव्हेट मारणं म्हणजे काय, ते मी तुला दाखवेन कधीतरी. एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, नुसत्या ठोक्यावरून समजून घ्यायचं. ठोकळा तिरका झाला की डोकं वाकडं बसतं, मग तो रिव्हेट ड्रिलने काढा आणि नवा मारा.

दहावीनंतर डिप्लोमा केलास तर पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही वाट आपल्याकडे रुळलेली आहे. बारावी करून जायचं तर आयआयटी मुंबईत एअरोस्पेस आहे, तिरुवनंतपुरमजवळ इस्रोचीच आयआयएसटी आहे, तिथे २००७ पासून मुलं शिकतायत. दोन्हीकडे जेईई ॲडव्हान्स्डमधून जावं लागतं. नाही जमलं तर जगबुडी होत नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेटलर्जी करूनही या क्षेत्रात असंख्य लोक आहेत.

आणि माझी वाट, विमान देखभालीची. बारावी विज्ञान, मग डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेत एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, प्रशिक्षण. त्यात दोन शाखा: बी-१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी-२ म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक्स. इथेच लोक फसतात. संस्थेचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे. परवाना डीजीसीए देते, तिच्या परीक्षा पास झाल्यावर आणि प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव दाखवल्यावर. म्हणून संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघ, संस्थेच्या माणसाच्या शब्दावर विसंबू नकोस. अनुभव कुठे मिळणार, ते लेखी माग. आपल्याला जवळ म्हणजे जुहूला १९२८ पासून बॉम्बे फ्लाइंग क्लब आहे, जेआरडी टाटा उडायला शिकले तो. भाईंदरहून पार्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस. एक दिवस सोबतीला मी येते, बघून येऊ.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मराठी माध्यमातून शिकून मी कामाला लागले तेव्हा माझीही तंतरली होती. पण विमानाच्या देखभालीच्या पुस्तिका ठरावीक, मोजक्या शब्दांच्या सोप्या इंग्रजीत लिहिण्याचा नियम आहे. एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत. कुठल्याही देशातल्या मेकॅनिकला ते बिनचूक कळावं म्हणून. रोज दोन पानं मोठ्याने वाचलीस तर सहा महिन्यांत सवय होते.

चारकोपच्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव तू ऐकलंयस. इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं त्यांनी, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. विमानाची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उड्डाण चाचणीची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. गच्चीवर हातोडा चालवण्याइतकीच चिकाटी सरकारी टेबलांपुढे लागली. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र तुझ्यासाठी नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

घरच्यांचं म्हणशील तर काकांचा विरोध विमानाला नाही, रात्रीच्या शिफ्टला आहे. रात्री भाईंदर स्टेशनवर उतरून तारोडीला कसं यायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला ‘बघू तेव्हा’ असं उत्तर देऊ नकोस. हँगरमध्ये रात्रपाळी असतेच, कारण दिवसा विमानं उडत असतात. मी सुरुवातीला अंधेरीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिले, त्यात पगाराचा बराच भाग गेला. हे त्यांना आत्ताच सांग. शिवाय कारखान्यातली बरीच आणि डिझाइनची बहुतेक कामं दिवसाची असतात, हेही सांग.

एक कागद घे आणि त्यावर तीन रकाने आख: आयटीआय, डिप्लोमा, बारावी-एएमई. प्रत्येकाखाली एकूण फी, किती वर्षं, जायचं-यायचं कसं, आणि पहिली नोकरी कुठे मिळू शकते, ते लिही. न कळलेली जागा रिकामी ठेव, अंदाजाने भरू नकोस. रिकाम्या जागा आपण दोघी मिळून विचारून भरू. मग तो कागद काकांपुढे ठेव आणि त्यांना बोलू दे. कोणताही फॉर्म भरायच्या आधी, आणि कुणालाही ‘सीट बुक’ करायला पैसे द्यायच्या आधी, मला फोन कर. रात्रपाळी असली तरी उचलेन.

तुझी,
ताई